मुख्यमंत्रिपद सोडून सगळं

प्रतिभाताई पाटलांचा परिचय कुठेही उघडा, पहिली ओळ ठरलेली: भारताच्या पहिल्या महिला राष्ट्रपती. त्याखाली जन्म, शिक्षण, मग 'महाराष्ट्र विधानसभा सदस्य, १९६२ ते १९८५' अशी एक ओळ, आणि तिथून गाडी थेट राज्यसभा, राजस्थान, राष्ट्रपती भवन. तेवीस वर्षं एका ओळीत आणि पाच वर्षं पानभर. आमच्या भागातल्या, म्हणजे खानदेशातल्या, जुन्या माणसांचा हिशेब नेमका उलटा आहे. त्यांच्या लेखी ताई म्हणजे एदलाबादच्या आमदार. पुढचं जे काही झालं ते दिल्लीचं. कौतुकाचं खरं, पण लांबचं.

मला या जुन्या माणसांचं पटतं. राष्ट्रपतिपदाची उमेदवारी ही शेवटी वरच्या चार-सहा माणसांच्या बैठकीत ठरलेली गोष्ट. १४ जून २००७ ला नाव जाहीर झालं, तोवर चर्चा दुसऱ्याच नावांची होती. आमदारकी मात्र पाच वेळा लोकांच्या ओट्यावर बसून मिळवावी लागली, आणि पाचही वेळा त्या निवडून आल्या. पडल्या एकदाही नाहीत. चैत्र-फाल्गुनाच्या उन्हात जीपमागे धूळ खात फिरणारे कार्यकर्ते ज्यांनी पाहिलेत, त्यांना यातली मेहनत वेगळी सांगायला नको.

आमच्याकडे चहाच्या टपरीवर राजकारण निघालं की एक हिशेब हमखास मांडला जातो. खानदेशानं राज्याला काय काय दिलं? विधानसभेला अध्यक्ष दिले: खिरोद्याचे मधुकरराव चौधरी, १९९० ते १९९५, चोपड्याचे अरुणभाई गुजराथी, १९९९ ते २००४. विरोधी पक्षनेते दिले, त्यातले दोन तर एकाच मतदारसंघातले. मंत्री मोजायला बसलं तर चहा गार होईल. देशाला राष्ट्रपती दिल्या. आणि मुख्यमंत्री? १९६० पासून आजपर्यंत एकही नाही. साताऱ्याला मिळालं, नांदेडला मिळालं, लातूरला मिळालं, यवतमाळला मिळालं, नागपूरला मिळालं. जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांच्या वाट्याला शून्य. या मुद्द्यावर टपरीवरचे भाजपवाले आणि काँग्रेसवाले एक होतात, आणि आमच्याकडे तसे प्रसंग फार नाहीत. 'मुख्यमंत्रिपद सोडून सगळं भेटलं भो आपल्याले,' असं कुणीतरी म्हणतं आणि पैसे कोण देणार यावर बोलणं वळतं.

ताईंची कारकीर्द मी या वाक्याच्या उजेडात वाचते. एखाद्या माणसाला सगळं मिळतं आणि तेवढंच का मिळत नाही, हा प्रश्न एका माणसापुरता उरत नाही. त्यात सगळा प्रदेश येतो.

जन्म १९ डिसेंबर १९३४ चा, बोदवडजवळच्या नाडगावचा. तेव्हा जिल्ह्याचं नाव पूर्व खानदेश. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९३६ च्या डिसेंबरात, तापीपलीकडे फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं. खेड्यात भरलेलं ते पहिलं अधिवेशन. जवाहरलाल नेहरू अध्यक्ष, गांधीजी हजर, आणि बांबूचं सगळं सुशोभन नंदलाल बोसांच्या हातचं. आमच्याकडची काँग्रेस त्या अधिवेशनाच्या आठवणींवर पुढची चाळीस वर्षं जगली, असं म्हटलं तर राग येणारी माणसं अजून आहेत, पण ते खरं आहे. प्रत्येक घरात कुणीतरी फैजपूरला गेलेलं असायचं. जे गेले नव्हते तेही गेल्यासारखं सांगायचे.

ताई शिकल्या जळगावात. आर. आर. विद्यालय, मग मूळजी जेठा कॉलेज, म्हणजे आमचं एम. जे. राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र घेऊन एम. ए. मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयातून वकिलीची पदवी, मग जळगावच्या कोर्टात वकिली. कॉलेजात टेबल टेनिस खेळायच्या, आंतरमहाविद्यालयीन सामन्यांत ढाली मिळवायच्या. १९६२ साली कॉलेजनं त्यांना 'कॉलेज क्वीन' निवडलं आणि त्याच वर्षी जळगावकरांनी आमदार. वय सत्तावीस. दोन्ही निवडणुकाच म्हणायच्या. एकीचा मुकुट संध्याकाळपुरता होता, दुसरीचा तेवीस वर्षं उतरला नाही.

नवं राज्य होऊन तेव्हा जेमतेम दोन वर्षं झाली होती. काँग्रेसच्या २६४ पैकी २१५ जागा, यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री. विधानभवन आजच्या ठिकाणी नव्हतंच. नरिमन पॉइंटची इमारत १९८१ ची. तेव्हाचं सभागृह रीगलजवळच्या जुन्या सेलर्स होमच्या दगडी वास्तूत होतं, जिथे आता राज्याच्या पोलीस खात्याचं मुख्यालय आहे. त्या सभागृहात जळगावची एक सत्तावीस वर्षांची वकीलबाई बसली. वर्ष संपता संपता चीनचं युद्ध झालं, यशवंतराव संरक्षणमंत्री होऊन दिल्लीला गेले, आणि इकडे जळगाव जिल्ह्यात महिलांचं होमगार्ड पथक उभं राहिलं. त्याच्या कमांडंट प्रतिभाताईच. खाकी गणवेशातल्या बाया कवायत करतायत, हे त्या काळच्या आमच्या गावांच्या डोळ्यांना किती नवं असेल! डोक्यावरचा पदर ढळला तरी चर्चा व्हायची ते दिवस.

७ जुलै १९६५ ला अमरावतीच्या देवीसिंह शेखावतांशी लग्न झालं. सासर वऱ्हाडात, मतदारसंघ खानदेशात. ही गोष्ट आज कुणाला विशेष वाटणार नाही, पण माझ्या आजीला ती अखेरपर्यंत गमतीची वाटायची. आपल्या राजकारणात बाई उभी राहते ती बहुधा सासरच्या गावातून, सासऱ्याच्या किंवा नवऱ्याच्या नावावर. ताई लग्नानंतरही माहेरातूनच उभ्या राहिल्या, माहेरच्याच पाटील आडनावानं ओळखल्या गेल्या. आजी म्हणायची, लेकी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी येतात, झोका खेळतात, सांजोऱ्या खाऊन जातात. ही लेक दर पाच वर्षांनी येते आणि मतं घेऊन जाते. पण सांगताना तिच्या बोलण्यात तक्रार नसायची. उलट, आपल्या माहेरी आपलं एवढं चालावं, हे तिला स्वतःलाही कधीतरी वाटून गेलं असावं.

१९६७ ला ताईंनी जळगाव शहर सोडलं आणि एदलाबाद घेतलं. आजचं मुक्ताईनगर. राज्याचं हे एक टोकच. वर गेलं की बऱ्हाणपूर, मध्य प्रदेश. पूर्वेला मलकापूर, म्हणजे विदर्भ सुरू. चांगदेवला तापी आणि पूर्णा भेटतात. कोथळीला मुक्ताईचं देऊळ, आणि तिथून निघणारी पालखी आषाढीला पंढरपूरला पोचते ती महिनाभर चालून. काळी जमीन, कापूस, ज्वारी, तूर, नदीकाठी केळी. दीपनगरच्या वीज केंद्राच्या धुरांड्या दिसतात तेवढ्या अंतरावर भुसावळ. मुंबईला जायचं तर रात्रीची गाडी. सकाळी दादरला उतरायचं, दिवसभर मंत्रालयात पायऱ्या झिजवायच्या आणि रात्री परत.

या पायऱ्यांविषयी थोडं सांगायला हवं, कारण राज्याच्या पातळीवरचा राजकारणी म्हणजे काय, हे त्यांच्याशिवाय कळत नाही. खेड्यात राजकारणाला दुसरा शब्द आहे: काम. 'काम घेऊन गेलतो.' 'काम झालं का?' काम म्हणजे विहिरीवरच्या मोटारीला वीज जोडणी. काम म्हणजे लांब फेकल्या गेलेल्या मास्तरची बदली, मुक्कामाची एसटी, गावाबाहेर अडलेला रस्ता, दवाखान्यात डॉक्टर. कापडी पिशवीत कागद घालून माणूस आमदाराकडे जातो. आमदार पत्र देतो. पत्र साहेबाकडे जातं. साहेब 'बघतो' म्हणतात. माझे आजोबा काँग्रेसचे साधे कार्यकर्ते, सतरंजी घालणारे आणि उचलणारे. त्यांची अशी एक पिशवी होती. अख्ख्या गावाचे अर्ज तिच्यात असायचे, स्वतःचा एखादाच. आमदार या प्राण्याची पारख ते एकाच कसोटीवर करायचे: पत्र दिल्यावर पुन्हा विचारतो का? ताईंना ते चांगल्या आमदारांत मोजायचे. बोलायला गोड, राग दिसत नाही, नाही म्हणत नाही, पण हो म्हटलेलं विसरतही नाही, असं त्यांचं निरीक्षण. कार्यकर्त्याचं निरीक्षण आहे, पक्षपाती आहे, तेवढी सूट देऊन वाचावं.

आता खात्यांचं. १९६७ ते १९७२ उपमंत्री: सार्वजनिक आरोग्य, दारूबंदी, पर्यटन, गृहनिर्माण, संसदीय कामकाज. १९७२ ला कॅबिनेटमध्ये, समाजकल्याण. १९७४ ला त्यात आरोग्य आलं. १९७५-७६ दारूबंदी, पुनर्वसन, सांस्कृतिक कार्य. १९७७-७८ शिक्षण. पुढे १९८२-८३ नगरविकास आणि गृहनिर्माण, १९८३ ते १९८५ नागरी पुरवठा आणि समाजकल्याण. वसंतराव नाईकांपासून वसंतदादांपर्यंत मुख्यमंत्री येत-जात राहिले, ताईंचं खातं बदलत राहिलं. ही यादी वाचताना मला नेहमी एक खटकतं. अर्थ नाही, महसूल नाही, गृह नाही, पाटबंधारे नाही, सहकार नाही. ज्या खात्यांतून कालवा निघतो, कारखाना निघतो, माणसं उपकृत होतात आणि पुढे तुमच्या मागे उभी राहतात, ती खाती कायम दुसऱ्यांकडे. नगरविकास वजनदार खरं, पण ते मिळालं वर्षभर. मंत्रिमंडळात बाई घ्यायची तर तिला आरोग्य, कल्याण, संस्कृती द्यायची, ही घरातली कामाची वाटणीच वरपर्यंत गेलेली.

तरी ही खाती हलकी होती असं म्हणणं अन्यायाचं होईल. १९७२ चा दुष्काळ आठवणाऱ्यांना विचारा. समाजकल्याण तेव्हा ताईंकडे होतं. पाझर तलावाची, खडी फोडायची कामं, मजुरीच्या रांगा, खायला सुकडी. याच दुष्काळातून रोजगार हमी योजना उभी राहिली, १९७७ ला तिचा कायदा झाला. ते श्रेय वि. स. पागे यांचं आणि वसंतराव नाईकांचं. ताईंच्या खात्यात घालायचं कारण नाही. पण मागासवर्गीय मुलांची वसतिगृहं समाजकल्याणकडे होती. त्या वर्षी शेतात दाणा नव्हता आणि वसतिगृहात दोन वेळचं जेवण होतं, म्हणून शाळेत टिकलेली मुलं आमच्याच तालुक्यात पुढे मास्तर झाली, तलाठी झाली. कोणतं खातं मोठं, हे मुंबईतून वेगळं दिसतं आणि वसतिगृहाच्या पंगतीतून वेगळं.

आणीबाणीतही त्या मंत्री होत्या. त्या काळाबद्दल त्यांनी पुढे फारसं काही बोलल्याचं माझ्या वाचनात नाही, आणि त्या पिढीच्या बहुतेक काँग्रेसजनांसारखं त्यांचंही मौन मला टोचतं. आजोबांचंही टोचायचं. विचारलं की ते पंचांग उघडून बसायचे.

मला सगळ्यात मोलाची वाटते ती १९७८ ते १९८० ही दोन वर्षं. फेब्रुवारी १९७८ च्या निवडणुकीत जनता पक्ष ९९, काँग्रेस ६९, इंदिरा काँग्रेस ६२. दोन काँग्रेसांनी मिळून वसंतदादांचं सरकार केलं, आणि जुलैत शरद पवार बाहेर पडून पुलोदचे, म्हणजे पुरोगामी लोकशाही दलाचे, मुख्यमंत्री झाले. कोण कुठल्या काँग्रेसमध्ये, हे सकाळी एक आणि संध्याकाळी एक असे ते दिवस. ताई इंदिराबाईंच्या बाजूला राहिल्या. त्या वेळी ते शहाणपणाचं मानलं जात नव्हतं. दिल्लीत सत्ता नाही, मुंबईत सत्ता नाही, आणि इंदिराबाईंच्या मागे चौकशी आयोग. १९७९ मध्ये विरोधी पक्षनेतेपद आधी प्रभा राव यांच्याकडे होतं, जुलैपासून प्रतिभाताईंकडे. लागोपाठ दोन बाया विरोधी पक्षनेत्या. महाराष्ट्रानं त्याचं कौतुक केलं नाही आणि आज ते कुणाला आठवतही नाही. गंमत म्हणजे पुढे दोघीही प्रदेशाध्यक्ष झाल्या आणि दोघीही राजस्थानच्या राज्यपाल झाल्या. आमच्या राजकारणात कर्तबगार बाईसाठी एकच वाट आखलेली असावी आणि तिच्या शेवटी जयपूरचं राजभवन असावं, असं वाटतं.

१७ फेब्रुवारी १९८० ला पुलोद सरकार बरखास्त झालं. उन्हाळ्यात निवडणूक झाली आणि इंदिरा काँग्रेसला २८८ पैकी १८६ जागा मिळाल्या. जी बाई वाईट दिवसांत पक्षाची सभागृहातली नेता होती, तिचं आता काय होणार? आमच्याकडच्या कार्यकर्त्यांनी फटाके आणून ठेवले होते, असं आजोबा सांगायचे. मुख्यमंत्री झाले बॅरिस्टर अंतुले. ताई पुन्हा मंत्री झाल्या त्या १९८२ मध्ये. मधली दोन वर्षं नुसती आमदारकी. फटाक्यांचं काय झालं, हे आजोबांनी कधी सांगितलं नाही. बहुधा दिवाळीला उडवले असतील.

याचं कारण सांगताना लोक एकच सांगतात: गट नव्हता. महाराष्ट्रात मुख्यमंत्री व्हायचं तर पाठीशी आमदार हवेत, आमदारांमागे साखर कारखाने आणि जिल्हा बँका हव्यात. खानदेशात उसाचं ते राज्य कधी नव्हतंच. आमचं धन केळी आणि कापूस, आणि त्यातला पैसा सावदा-निंभोऱ्याच्या स्टेशनावरून वाघिणीत भरून दिल्लीच्या मंडईत जायचा आणि दलालाच्या मर्जीनं परत यायचा. त्यावर गट उभा राहत नाही. त्यात लेवा, मराठा, गुजर, राजपूत, कोळी, पलीकडे भिल्ल-पावरा, कोकणा. एका माणसामागे सगळे येतील असा हा प्रदेश नाही. हे सगळं बरोबर आहे. पण मग जानेवारी १९८२ मध्ये अंतुल्यांच्या जागी बाबासाहेब भोसले आले, त्यांचा कुठे गट होता? दिल्लीनं चिठ्ठी काढली आणि ते झाले. म्हणजे चिठ्ठीत ताईंचंही नाव निघू शकत होतं. निघालं नाही. गट नव्हता म्हणून नाही निघालं, की बाई म्हणून, की कधी मागितलंच नाही म्हणून? माझा कौल तिसऱ्याला आहे. दुसरं कारण त्याच्या आतच आलं. कारण आपल्याकडे मागणारा पुरुष महत्त्वाकांक्षी ठरतो आणि मागणारी बाई आगाऊ.

न मागण्याचा मोबदला मात्र मिळत गेला. १९८५ ला राज्यसभा, १९८६ ते १९८८ तिथलं उपसभापतिपद, मग १९८८ ते १९९० महाराष्ट्र प्रदेश काँग्रेसचं अध्यक्षपद, १९९१ ला अमरावतीहून लोकसभा. नंतर आठेक वर्षं शांतता. २००४ च्या नोव्हेंबरात राजस्थानच्या राज्यपाल, तिथेही पहिल्या महिला. तिथल्या विधानसभेनं २००६ मध्ये मंजूर केलेलं धर्मांतरविरोधी विधेयक त्यांनी सही न करता परत पाठवलं. ज्यांना ताई म्हणजे नुसती मान डोलावणारी बाई वाटते त्यांनी हे ध्यानात घ्यावं.

संस्थाही त्यांनी काढल्या. जळगावहून धुळ्याकडे निघालं की गिरणा ओलांडून बांभोरीला अभियांत्रिकी महाविद्यालय लागतं, ते श्रमसाधना ट्रस्टचं. त्याच ट्रस्टची नोकरदार महिलांची वसतिगृहं मुंबईत आणि दिल्लीत. जळगावला अंधांसाठी औद्योगिक शिक्षणाची शाळा. याच्या जोडीला दुसरी बाजूही आहे आणि ती जळगावकर विसरलेले नाहीत. त्यांच्या नावानं सुरू झालेल्या महिला सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेनं २००३ मध्ये रद्द केला. मुक्ताईच्या नावाचा साखर कारखाना उभा राहिला, पण टिकला नाही. संस्था काढणं आणि संस्था चालवणं ही वेगळी कसबं आहेत. आमच्याकडच्या बहुतेक पुढाऱ्यांना पहिलं येतं. दुसऱ्यासाठी ते नातेवाईक नेमतात.

२५ जुलै २००७. शपथविधीचा दिवस. आमच्याकडे भारनियमनाचा काळ होता तो. दीपनगरच्या धुरांड्या गच्चीवरून दिसतात आणि घरातला पंखा बंद, ही आमची जुनी थट्टा. राष्ट्रपती आमच्या होणार आणि टीव्ही चालू नाही म्हटल्यावर गावात कुणीतरी ट्रॅक्टरची बॅटरी काढून आणली. ओटीवर एवढी माणसं जमली की आत बाया आणि दारात पुरुष असा नेहमीचा नियम उलटा झाला. बाया पुढे बसल्या. डोक्यावर पदर, पांढरट साडी, आणि मागे तो लाल पोशाखातला लवाजमा. ३ लाख ३१ हजारांच्या विरुद्ध ६ लाख ३८ हजार मतमूल्यानं विरोधी उमेदवार भैरोसिंह शेखावतांचा पराभव झाला होता. शिवसेना विरोधी आघाडीत असूनही मराठी म्हणून ताईंच्या बाजूनं गेली होती, त्यावर दारातल्या पुरुषांचा वाद चालला होता. आजी हात जोडून बसली होती. आजोबा मात्र गप्प. सगळं झाल्यावर म्हणाले, 'आता काम घेऊन कुनाकडे जायाचं?'

सगळे हसले. पण त्यांनी हसण्यावारी म्हटलेलं नव्हतं. आमदाराला पत्र मागता येतं, मंत्र्याला गाठता येतं, खासदाराला लग्नपत्रिका देऊन बोलावता येतं. राष्ट्रपतींकडे विजेच्या डीपीचं काम घेऊन कोण जाणार? गावाच्या दृष्टीनं त्या दिवशी ताई मोठ्याही झाल्या आणि हातच्याही गेल्या.

राष्ट्रपतिपदाच्या पाच वर्षांवर मी फार लिहीत नाही. परदेश दौऱ्यांच्या खर्चावरून, पुण्यातल्या निवृत्तीनंतरच्या जागेवरून बरंच छापून आलं. ती जागा त्यांनी शेवटी सोडली. टीका करणाऱ्यांतल्या पुष्कळांना त्या त्याआधी तेवीस वर्षं आमदार होत्या, हेही माहीत नव्हतं. इंग्रजी वाहिन्यांवर 'कोण प्रतिभा पाटील?' असं विचारलं गेलं तेव्हा आमच्याकडची माणसं जेवढी दुखावली, तेवढी त्या बँकेच्या ठेवी अडकल्या तेव्हाही दुखावली नसतील. माणसाचं मन विचित्रच.

आता दुसरा विरोधी पक्षनेता. १९९० ला हाच मतदारसंघ एकनाथराव खडसेंनी जिंकला, आणि २०१९ पर्यंत सहा निवडणुका तो त्यांच्याकडे राहिला. पक्ष वेगळा, जात वेगळी, स्वभाव तर दुसऱ्या टोकाचा. ताई चढ्या आवाजात बोलल्याचं कुणाला आठवत नाही. नाथाभाऊ सभागृहात उभे राहिले की समोरच्या बाकांवर कागद चाळले जायचे. २००९ ते २०१४ विरोधी पक्षनेते. २०१४ ला भाजपची सत्ता आली तेव्हा टपरीवर पुन्हा तीच आशा. मुख्यमंत्री नागपूरचे देवेंद्र फडणवीस झाले, खडसेंना महसूल आणि बरीच खाती मिळाली, आणि जून २०१६ मध्ये त्यांना राजीनामा द्यावा लागला. नंतर त्यांनी आपली नाराजी जाहीर बोलून दाखवली, अनेकदा, नावं घेऊन. शेवटी पक्षही सोडला.

एकच तालुका, तेच विरोधी पक्षनेतेपद, तीच हुकलेली खुर्ची. एकीनं कधी मागितलं नाही, दुसऱ्यानं उघड मागितलं. एकीला मौनाचं बक्षीस म्हणून राष्ट्रपती भवन मिळालं, दुसऱ्याला बोलण्याची किंमत द्यावी लागली. मुख्यमंत्रिपद दोघांनाही नाही. जळगावच्या ११, धुळ्याच्या ५, नंदुरबारच्या ४, मिळून २० जागा. २८८ च्या सभागृहात वीस जागांचा प्रदेश गप्प बसला काय आणि ओरडला काय! आणि ते वीसही कधी एका सुरात ओरडलेले नाहीत.

ताईंचा राजकीय वारसाही इकडे उरला नाही. चिरंजीव राजेंद्र शेखावत २००९ मध्ये आमदार झाले ते अमरावतीतून, २०१४ मध्ये तिथेच पडले. माहेरचा मतदारसंघ भाजपकडून अपक्षाकडे आणि तिथून शिंदेंच्या शिवसेनेकडे गेला. मुक्ताईनगरला आज पहिलं मत देणारी पोरं ताईंना सामान्यज्ञानाच्या पुस्तकातून ओळखतात, म्हणजे पहिल्या ओळीवरून.

हे सगळं मी माझ्या आत्याला वाचून दाखवलं. ऐंशीच्या दशकात एकटीनं मुंबईला जाऊन नोकरी केलेली बाई. आमच्या घरातली पहिली. ती नोकरदार बायांच्या एका वसतिगृहात राहायची, तिघींत एक खोली, रात्री साडेनऊला फाटक बंद. वाचून झाल्यावर म्हणाली, 'तुमचे मुख्यमंत्री तुमच्याजवळच ठेवा. बाप्यांना टपरीवर मोजायला काहीतरी लागतं. मला नोकरी लागली तेव्हा मुंबईत एकट्या बाईला खोली द्यायला कुणी तयार नव्हतं. मंत्रालयात बसून असल्या वसतिगृहांचा विचार करणारी एक तरी बाई होती, हे माझ्या दृष्टीनं पुष्कळ झालं.'

मी म्हटलं, मग तू तर ताईंना दर वेळी मत दिलं असशील.

'कुठलं गं,' ती म्हणाली, 'माझं नाव तोवर मुंबईच्या यादीत गेलं होतं.'